पाणी गेलं

सुपातले तांदूळ निवडताना मला शिंक आली आणि खालून पातळ ओलं झालं. बस, एवढंच झालं. रस्त्यावरून आठची मोटार हॉर्न देत भंडाऱ्याकडे गेली, आणि मी हातात एक खडा धरून तशीच बसून राहिले. पहिल्यांदा वाटलं ते अर्थातच दुसरंच. नववा महिना लागल्यापासून शिंकलं, हसलं, खोकलं की थेंबभर व्हायचंच; बाईमाणसाच्या वाट्याला काय काय येतं ते लग्नाआधी मेलं कोणी सांगत नाही. पण हे थेंबभर नव्हतं. कोमट होतं, आणि मांड्या आवळल्या तरी थांबत नव्हतं. आपल्याच अंगातलं काहीतरी आपल्याला थांबवता येत नाही हे कळलं तेव्हा हातातला खडा सुपातच पडला. समोर चार हातांवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, आणि शेजारची मंदाबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. उठले तर भुईवरचा डाग दिसणार. सारवलेल्या जमिनीवर ओल किती चटकन दिसते! म्हणून मी उठलेच नाही. त्या ओल्यात बसून मी आणखी अर्धं सूप तांदूळ निवडले आणि त्यातला एकही खडा मला दिसला नाही.

न उठण्याला कारण होतं. दहा दिवसांपूर्वी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मी या घराचं हसं करून ठेवलं होतं. गल्लीतली पोरं लाकडाचे नंदी ओढत दारोदार फिरत होती, आणि एकाएकी माझं पोट दगडासारखं झालं. दुखलंही. मी 'माय वो' म्हणून असं काही ओरडले की अर्धं शहापूर अंगणात जमा झालं. माझा नवरा जागेश्वर तसाच अनवाणी हमरस्त्यावर पळाला, ट्रक थांबवला, आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं, सोबत चार बाया चढल्या, आणि आम्ही वरातीसारखे भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या नर्सबाई, उषाबाई त्यांचं नाव, त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, घड्याळ पाहिलं, पुन्हा हात ठेवला आणि म्हणाल्या, "खोट्या कळा आहेत. घरी जाऊन गरम चहा प्या." खोट्या! दुखलं ते खरं, घाबरले ते खरं, आणि कळा तेवढ्या खोट्या. संध्याकाळी एस्टीनं परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झालं. "काय वो निर्मला, भंडाऱ्याले जाऊन आली म्हने? आमच्यासाठी काय आनलं?" आत्याबाईंनी तर पदर झटकून जाहीर करून टाकलं, "लोकाईच्या घरी लेकरू होते, आमच्या घरी हवा झाली!" मीसुद्धा हसले. न हसून सांगते कोणाला? पण रात्रभर उशीत तोंड खुपसून पडले होते, आणि ठरवून टाकलं होतं की आता जीव गेला तरी मी तोंड उघडणार नाही.

त्या दिवशी उषाबाईंनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं, हेही खरं. त्या तिकडच्या, साताऱ्याकडच्या; पुस्तकासारखं बोलायच्या. एकेक बोट धरून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कळा चालल्यानं थांबत नाहीत, वाढत जातात, त्या खऱ्या. रक्ताचा डाग दिसला तर वेळ जवळ आली. आणि पाणी गेलं, की मग दुखो न दुखो, घरात थांबायचं नाही, तडक निघून यायचं. "पाणी गेलं की लक्षात ठेवा, मग वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली होती, पण कान बाहेर होते. बाहेरच्या बाकावर बाया हसत होत्या. घरी आल्यावर मी ते सगळं जागेश्वरला सांगितलं. तो बैलांच्या अंगावरचा पोळ्याचा रंग धूत होता. "हं," म्हणाला. आत्याबाईंचं शास्त्र वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "पोरी, पोट दुखलं का बोंबलत सुटाचं नसते. बाळंतपन जेवढ्या कानावर जाते ना, तेवढा वेळ लागते. माह्या वेळेस माह्या सासूबगर कोनाले मालूम नव्हतं, अन् भात शिजला नाही तोवर जागेश्वर झाला. तुह्या वेळेस तं सारं गाव ढोल वाजवाले आलं होतं! आता असं झालं तं मले एकटीले सांगजो, हळूच. दुसरं कोनी असन तं अक्षर काढू नोको." म्हणजे झालं. एक म्हणते थांबू नको, दुसरी म्हणते बोलू नको. आणि आज मंदाबाई भाजी निवडून संपली तरी हलायचं नाव काढीनात.

पहिलटकरीण माहेरी जाते. मी कुठे जाणार होते? नागपुरात बाबा होते, धाकटा भाऊ होता, गिरणीच्या मागच्या दोन खोल्या होत्या, पण बाईमाणूस नव्हतं. आई मी नऊ वर्षांची असताना गेली, आणि गेली ती याच कामात. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि नको ते जास्त आठवतं. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. आई पोळ्या लाटत होती. मध्येच थांबायची, ओट्याला दोन्ही हात टेकून मान खाली घालायची, मग पुन्हा लाटायची. मी विचारलं, काय झालं? "काही नाही वो, पाठ भरून आली. हे लाटणं घे आणि पाठीवरून फिरव बरं." ती पालथी पडू शकत नव्हती म्हणून कुशीवर झाली, आणि मी तिच्या पाठीवरून लाटणं फिरवलं. मला गंमत वाटली. लाटण्याचं पीठ तिच्या चोळीला लागत होतं. "जोरात," ती म्हणायची, "अजून जोरात, खाली." दुपारभर आम्ही तेच केलं. मध्येच ती म्हणाली, "तू खेळायला जा," आणि मी गेलेही, लंगडी खेळून परत आले तेव्हा ती मोरीशी बसली होती आणि चेहरा पांढरा पडला होता. बाबा तीन वाजता आले. टांगा आणेपर्यंत चार झाले. मग मला कोणीतरी शेजारी नेऊन भात खायला घातला. पुढची कितीतरी वर्षं मी सगळ्यांकडून एकच ऐकत आले, की बिचारीला कळलंच नाही, पाठच दुखते असं वाटलं तिला. मीही तेच धरून चालले. आईला खुणा कळल्या नाहीत, म्हणून आई गेली. आणि आता नववा महिना लागल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं, की मला तरी कळतील का?

शेवटी मंदाबाई पान लावायला वळल्या आणि आत्याबाई देठं टाकायला परसात गेल्या, तेव्हा मी डागावर सूप ठेवून उठले आणि खोलीत शिरले. पातळ बदललं. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या धोतराच्या फाडलेल्या घड्या होत्या, बाळंतपणासाठी धुऊन ठेवलेल्या, त्यातली एक घेतली. पांढरीच्या पांढरी ओली झाली. वास घेऊन पाहिला. शी, काय करणार, घेतला. लघवीचा नव्हता. कसला होता ते सांगता येत नाही, पण तो वास मला ओळखीचा नव्हता आणि माझ्याच अंगाला येत होता. मग पाठीत सुरू झालं. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, जणू आतून कोणीतरी मूठ आवळून धरली, आणि सोडली. मी भिंतीला टेकले. पोटात काही नाही, पोट गप्प. पाठीतच. देवा, पाठीतच! बाहेर आत्याबाई आणि मंदाबाई आमच्या खालच्या शेतातल्या सेवकरामच्या सुनेच्या वागण्याची चिरफाड करत होत्या. मी दारात जाऊन उभी राहायची, आत्याबाईंकडे पाहायची, त्या वर पाहायच्या, मंदाबाईही वर पाहायच्या. "काय वो, पुन्हा भंडाऱ्याले निंगाली का?" मंदाबाई म्हणाल्या आणि पान तोंडात धरून हसल्या. आत्याबाईही हसल्या. मी म्हटलं, "नाही, चहा ठेवू का विचारायला आले." आणि खरंच चहा ठेवला! पाठीत मूठ आवळत होती, पायावरून ओघळ येत होता, आणि मी त्या दोघींना चहा करून दिला, वर साखर पुरे का म्हणून विचारलं. माझ्यासारखी मूर्ख बाई साऱ्या जिल्ह्यात नसेल. आत जाऊन तिसरी घडी बदलली तेव्हा कापडावर रंग दिसला. रक्ताचा नाही. मेथीची भाजी धुतलेल्या पाण्यासारखा, हिरवट. उषाबाईंच्या तीन बोटांत हा रंग नव्हता. मी ती घडी चुरगाळून पेटीमागे टाकली. न पाहिल्यासारखं केलं.

अकराच्या सुमाराला जागेश्वर शेतावरून आला. तंबाखूची पुडी घरी राहिली होती. त्याला पाहिलं आणि माझ्या जिवात जीव आला. दाराच्या चौकटीला धरून, डोक्यावरचा पदर सारखा करून मी हाक मारली, "आयकता का." तो जवळ आला. मंदाबाईंचे कान आमच्याकडे लागलेले मला दिसत होते. त्यांच्यासमोर कळा म्हणायचं नाही, लेकरू म्हणायचं नाही. मग माझ्या शहाण्या डोक्यात उषाबाईंचा शब्द आला. नर्सबाईचा शब्द, मंदाबाईला समजणार नाही, आणि याला तर मी सांगूनच ठेवलेलं. मी हळूच म्हटलं, "पाणी गेलं."

त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, बापा, याला माझी किती काळजी! "गेलं?" तो म्हणाला. "कवा?"

"सकाळी. आठची मोटार गेली तेव्हा."

"सकाळचं गेलं अन् तू आता सांगून राहिली? निर्मला, अकल हाय का तुले? काहून नाही सांगतलं?" आणि मग, नको नको म्हणेपर्यंत, तो अंगणाकडे वळून ओरडला, "मायऽ, पानी गेलं! सकाळचंच गेलं!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मंदाबाईंसमोर, एवढ्या मोठ्यानं! मी तोंडावर पदर घेऊन आत पळाले आणि बाजेवर पडले. बाहेर एकच गलका उठला. आत्याबाईंचा आवाज, मंदाबाईंचा आवाज, भिंतीला टेकलेलं काहीतरी खरडत निघालं, फाटक आदळलं. धावत गेले सगळे. आणि मला, काय सांगू, खूप बरं वाटलं. संपलं एकदाचं. मी सांगितलं आणि लोक धावले. कोणी हसलं नाही, हवा म्हणालं नाही. तो रस्त्यावर ट्रक थांबवत असेल, आत्याबाई सोबत यायला बायका गोळा करत असतील. पाठीत पुन्हा मूठ आवळली तेव्हा मी तिला म्हटलं, आवळ बाई, आता काय भ्यायचं. ती सोडेपर्यंत मी श्वास धरून राहिले. पुन्हा आली. पुन्हा गेली. रस्त्यावर ट्रक जात होते, पण थांबल्याचा आवाज येत नव्हता. एक गेला, दुसरा गेला. असं किती वेळ पडले होते कोण जाणे. मग मध्येच डोक्यात एक विचार आला, आणि तो येऊन जाईना. ते खरडत निघालं ते काय होतं? मी बाजेवरून उठून दारातून पाहिलं. ओसरीच्या भिंतीला रोज टेकून असायचं ते फावडं तिथे नव्हतं. ट्रक थांबवायला फावडं कशाला?

आणि मग मला सगळं कळलं, एकदम. पंधरा दिवस आभाळातून थेंब नव्हता. धान पोटरीत आलेला. बोडीचं, गावच्या तळ्याचं, पाणी परवा आपल्या पाळीनं मिळालेलं, आणि खेकड्यानं पाळ पोखरली किंवा सेवकरामनं रात्री धुरा, म्हणजे मधला बांध, फोडला तर आपल्या बांधीतलं, धानाच्या वाफ्यातलं, पाणी त्याच्या खालच्या बांधीत जातं, आणि मग दाणा भरत नाही, नुसतं पोचट. गेला आठवडाभर या घरात दुसरा विषय नव्हता. या गावात पाणी गेलं म्हणजे बांधीतलं गेलं. बाईच्या अंगातलं जातं त्याला इथे पानमोट फुटली म्हणतात, लहान पोरालाही ते कळतं. मी नागपूरच्या दोन खोल्यांतली पोर; शब्द कानावरून गेलेला, पण ऐनवेळी सुचला कुठे? ते सगळे बांधी पाहायला गेले होते. मंदाबाईसुद्धा, सेवकरामशी भांडण होणार, ते बघायला नको का! मी हसायला लागले. हसता हसता पाठीत अशी काही कळ आली की मी गुडघ्यांवर आले, दोन्ही हात भुईला, आणि तोंडातून आवाजच फुटेना. बांधी मैलभर लांब. तिथे पोचून, पाणी आहे तिथेच आहे हे पाहून, सेवकरामला चार शिव्या देऊन परत यायचे तेव्हा यायचे.

घरात कोणी नव्हतं असं नाही. पुढच्या सपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या पडवीत, मामाजी होते. दादाजी त्यांचं नाव; माझे सासरे. माझ्याकडे पाठ करून ते अंबाडीची दोरी वळत बसले होते, रोजच्यासारखे. लग्न होऊन दीड वर्ष झालं, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सून सासऱ्याशी बोलत नाही, इथे तसंच. जेवायला बोलवायचं तर दाराआडून दोनदा बांगड्या वाजवायच्या, ते उठून हात धुवायचे. ते मला काही म्हणायचे तेही भिंतीकडे पाहून. मी रांगत दारापर्यंत गेले, चौकटीला धरून उभी झाले आणि हात झटकून बांगड्या वाजवल्या. दोरीवरचा त्यांचा हात थांबला. "मले आता भूक नाही, बाई," ते भिंतीला म्हणाले. "मागून जेवतो." मी पुन्हा वाजवल्या. जोरात. एक काच फुटून मनगटात शिरली. "अवो, भूक नाही म्हनलं ना," ते म्हणाले, आणि पुन्हा वळू लागले.

मी चौकटीला डोकं टेकून उभी राहिले. त्या वेळी मला आई दिसली, ओट्याला हात टेकलेली, मान खाली घातलेली. आणि मला पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सुचलं, की माझ्याआधी तिची एक मुलगी होऊन गेली होती, मग मी, मग धाकटा. चौथं होतं ते. चौथ्या वेळेला बाईला कळत नाही? मला पहिल्याच वेळेला कळतं आहे, पायाच्या नखापर्यंत कळतं आहे, आणि तिला कळलं नसेल? तिला सकाळपासून कळत होतं. घरात नऊ वर्षांची पोर होती, तीन वाजेपर्यंत दुसरं मोठं माणूस नव्हतं. पोर घाबरेल म्हणून ती पाठ म्हणत राहिली, लाटणं फिरव म्हणत राहिली, आणि असह्य झालं तेव्हा खेळायला जा म्हणाली. शेजारणीला हाक मारायला तिला लाज वाटली असेल, किंवा तीनपर्यंत निभेल असं वाटलं असेल. काय वाटलं ते कळायला आता मार्ग नाही. पण कळत नव्हतं म्हणून ती गेली नाही. बोलली नाही म्हणून गेली. पोटात लेकरू हललं का? सकाळपासून हललं होतं का? मला आठवेना.

"मामाजी!" मी ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मामाजी, मी जेवायला नाही बोलावत! माझी पानमोट फुटली, सकाळीच फुटली. मी बाळंत होऊन राहिली. घरात कोणी नाही, मी मरून जाईन!"

ते वळले नाहीत. दोरी मात्र हातातून खाली पडली. एक ट्रक रस्त्यावरून धडधडत गेला. मग भिंतीकडेच तोंड ठेवून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पानी कसं हाय, बाई? पांढरं का हिरवं?"

चाळीस वर्षं गोठ्यात काढलेला माणूस. गायीम्हशींची किती वासरं त्यांनी ओढून काढली असतील. पण मला वाटलं, हा प्रश्न मला साऱ्या जगात कोणीच विचारला नव्हता, आणि तो यांनी विचारावा! "हिरवं," मी म्हटलं. "आताचं हिरवं आहे."

ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्यानं मी चौकट आणखी घट्ट धरली. "चाल," ते म्हणाले. "पदर राहू दे. माह्या खांद्याले धर." एका हातानं त्यांनी मला धरलं आणि दुसऱ्या हातानं सपरीतली बाज फरफटत ओढली. आमचं घर रस्त्यापासून चौथं. ती चार घरं संपता संपेनात. गल्लीतल्या बाया दारात आल्या, पाहू लागल्या. सासरा सुनेला धरून चालला आहे, सुनेच्या डोक्यावर पदर नाही. पाहू दे. मध्ये एकदा कळ आली तेव्हा मी त्यांच्या खांद्याला चावलेच, ते हूं नाही का चूं नाही. "श्वास घे, बाई, श्वास घे," एवढंच. रस्त्यावर त्यांनी हात केला. ट्रक थांबला नाही. डोक्याचा शेला सोडून हलवला, दुसरा ट्रक बाजूनं वळसा घेऊन गेला. मग त्यांनी बाज उचलून रस्त्याच्या मधोमध टाकली आणि तिच्यावर जाऊन बसले. असे बसले, जणू आपल्याच सपरीत आहेत. तिसऱ्या ट्रकचे ब्रेक असे करकरले की मी डोळे मिटले. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला. मामाजी उठले नाहीत. "बहू है," ते म्हणाले. "बच्चा अटकेला है अंदर, पानी हरा हो गया, दम घुटता उसका. ले चल भंडारा. नहीं तो मेरे ऊपरसेच लेके जा." ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

केबिनमध्ये ऊन होतं, डिझेलचा वास होता, आणि मामाजींचा हात माझा दंड पकडून होता. मला कोणाशीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "म्हशीचं असं झालं की काय होते?" ते समोर रस्त्याकडे पाहत होते. "म्हशीचं वेगळं," ते म्हणाले. मला त्या उत्तराची जी भीती वाटली, ती कळेचीही वाटली नव्हती.

दवाखान्याच्या पायरीवर उषाबाईच होत्या. मला पाहून हसल्या. "आलात का परत?" आणि मग माझं पातळ पाहिलं. हसू गेलं. पुढचं सगळं भराभर झालं, खाट, हात, थंड लोखंड, उशाशी कोणीतरी. पोटावर कानाची नळी ठेवून त्यांनी ऐकलं. नळी सरकवली. पुन्हा ऐकलं. मग डोकं वर करून विचारलं, "पाणी कधी गेलं?"

आत्ताच, असं माझ्या तोंडावर आलं होतं. खरंच आलं होतं. आत्ताच म्हटलं असतं तर मी शहाणी ठरले असते. लगेच निघाली, लगेच आली. चार तास तशीच बसून होतीस? चहा करत होतीस? हे कोण ऐकून घेणार? मी छताकडे पाहिलं. तिथे पंखा फिरत नव्हता. "सकाळी आठला," मी म्हटलं. "आठची मोटार गेली तेव्हा. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. आणि दहापासून हिरवं आहे." उषाबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वळल्या आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. धावत जा."

त्यानंतरच्या घटकेबद्दल मी काय सांगू? वेदना आठवत नाही म्हणतात, ते खोटं आहे, आठवते. पण त्यापेक्षा मला ती शांतता आठवते. काहीतरी निसटलं, मी रिकामी झाले, कात्री वाजली, आणि मग काहीच नाही. "मुलगी," कोणीतरी म्हणालं, पण नेहमी म्हणतात तसं नाही. घाईत, दुसरीकडे पाहत. तिला पलीकडच्या टेबलावर नेलं. मला फक्त तिघांच्या पाठी दिसत होत्या. तोंडातलं हिरवं काढा, उषाबाई म्हणत होत्या. अजून काढा. चापटीचा आवाज. पुन्हा चापटीचा. मी आयुष्यात देवाचं काही फारसं केलं नव्हतं, त्यामुळे कोणाला हाक मारावी ते कळेना. मी नुसतं ओरडत होते, "रडली का? ती रडली का?" आणि कोणी उत्तर देत नव्हतं. मग एक आवाज आला. आवाज कसला, नुसता चिरका श्वास. मग दुसरा. मग ती रडली, बारीक, अडखळत, थांबत थांबत, आणि त्या पाठींतून वळून उषाबाईंनी कपाळाचा घाम दंडाला पुसला.

जागेश्वर आणि आत्याबाई पोचले तेव्हा तिसरा प्रहर होऊन गेला होता. दोघांच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल. तो दारात उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कुशीतल्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं काय, तर, "बांधीत तं पानी वीतभर हाय वो. मी हात घालून पाह्यलं." आणि तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. आत्याबाईंनी त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "पानमोट म्हनाव लागते माय," त्या मला म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. "पानी काय म्हनते! अन् मी तिथं त्या सेवकरामच्या सात पिढ्या काढून राहिली होती." मग पदराचं टोक तोंडात धरून त्या पोरीच्या कपाळावरून बोट फिरवत राहिल्या. मामाजी बाहेर व्हरांड्यात होते. आत आले नाहीत, तसं ते येणार नव्हतेच.

उषाबाईंनी सांगितलं, आता ठीक आहे, थोडी दमली आहे एवढंच. सगळे बाहेर गेले. पोरगी माझ्या कुशीत झोपली होती, ओठ मिटून, अगदी गप्प. इतकी गप्प, की मी वाकून तिच्या नाकाशी गाल नेला. काही जाणवलं नाही. बोट नेलं. काही जाणवलं नाही. मग मी दुपट्यातून तिचा पाय बाहेर काढला, अंगठ्याएवढा पाय, आणि तळव्याला टिचकी मारली. तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. जोरात रडली. मग गप्प होऊन झोपली. मी थोडा वेळ थांबले. पुन्हा टिचकी मारली. उषाबाई धावत आल्या. "अहो बाई, झोपू द्या ना तिला! काय करता हे?"

"झोपू देते," मी म्हटलं. "आत्ता झोपू देते." त्या गेल्या. मी त्यांच्या चपलांचा आवाज पार संपेपर्यंत थांबले, आणि तिचा पाय पुन्हा हातात घेतला.